लाल नाड्याचे भोपळे

आमच्या मळ्यातल्या भोपळ्यांबद्दल मी आजवर जे जे सांगत आलो, त्यातलं निम्मंच खरं धरा. एका वर्षी एक दुधी इतका फुगला की मांडवाचे दोन खांब वाकले आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्या सावलीत बाज टाकून अख्खा वैशाख दुपारचे झोपले, हे मी सटाण्यापासून निफाडपर्यंत निदान शंभर लग्नांच्या पंगतीत सांगितलं आहे, आणि प्रत्येक पंगतीत तो भोपळा वीतभर वाढलेला आहे. लोक ठसका लागेपर्यंत हसतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "बबनराव, आता मगर होऊ द्या." आणि मी मगर सांगतो. गेली पन्नास वर्षं मी ती मगर सांगतो आहे. सांगताना आवाज चढतो, हात फिरतात, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला मात्र गार पाणी लागल्यासारखं होतं. माझ्या अंगठ्याला काहीही झालेलं नाही. झालं ते माझ्या भावाच्या.

मळा नाशिकच्या वरच्या अंगाला, धरणाच्या खाली, गंगेच्या काठाला. बाहेरचे लोक गोदावरी म्हणतात, आम्ही गंगाच म्हणतो. तीन खोल्यांचं विटांचं घर, पुढे पडवी, पडवीला लागून गोठा, आणि पडवीतून दगड भिरकावला तर थेट पाण्यात. निदान मी भिरकावला तर. घरात शांतता अशी कधी नसायचीच. पहाटे म्हशी, मग बाईचं जातं, मग बाई स्वतः. बाई म्हणजे आमची आई. तिचा आवाज असा की तिने पडवीतून हाक मारली की पलीकडच्या काठावरचे दोन अनोळखी बबन 'ओ' देत. नुसती भाकरी थापली तरी चार घरांना कळायचं. तिच्या हातची बाजरीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि वर कच्च्या तेलाची धार. हे खाल्लेला माणूस मेला तरी एकदा उठून हात धुवायला येईल. मात्र श्रावण-भाद्रपदात दुधी निघायला लागला की दोन महिने सकाळी दुधी, संध्याकाळी दुधी, आणि सणाला म्हणून दुधीचा हलवा. मी एकदा म्हणालो, "बाई, मला कापलं तर रक्त हिरवं निघेल." ती म्हणाली, "कापून बघू का?"

आणि संध्याकाळी दादाचा पखवाज. दादा म्हणजे दत्तू, माझा थोरला भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दिवसभर मोट नाहीतर कुदळ धरणारे हात, पण संध्याकाळी ते पखवाजावर पडले की म्हशी रवंथ थांबवून बघत. हे मात्र अतिशयोक्ती नव्हे, मी पाहिलं आहे. वाजवण्याआधी तो पखवाजाच्या डाव्या अंगाला मळलेली कणीक लावायचा, लावून टिचकी मारायचा, कान तिरका करायचा, चिमूटभर काढायचा, पुन्हा टिचकी. ती कणीक एका पितळी वाटीत ओल्या फडक्याखाली ठेवलेली असायची. तिला हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. दादाचे नियम थोडे होते, पण ते सगळे पाळत. मीही पाळायचो, बहुतेक वेळा.

आता भोपळ्यांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्याशी बांधलेलं आहे. आमच्याकडे दर वर्षी काही दुधी वेलावरच जून होऊ द्यायचे. ते वाळून लाकडासारखे होत, आत बी खुळखुळू लागे. त्यांतले काही बियाण्याचे. त्यांना मानेपाशी भोक पाडून बी काढायची, आणि रिकामे भोपळे चुलीवरच्या आडूला, म्हणजे आडव्या लाकडाला, धुरात टांगायचे, पुढे त्यात मेथी-कोथिंबिरीचं बियाणं ठेवायला. बाकीचे तरायचे, म्हणजे पाण्यावर तरंगायला ठेवलेले. तरायच्या भोपळ्याला कधीही भोक पाडायचं नाही, आतलं बी आतच, आणि मानेला लाल नाडा बांधून ते पडवीत टांगायचे. आम्ही सगळे पाठीला असा भोपळा बांधूनच पोहायला शिकलो. आणि पलीकडे काही न्यायचं असलं की बाजेखाली बारा भोपळे बांधायचे, चार कोपऱ्यांना तीन-तीन. तिला सांगड म्हणायचं. आण्णांनी या सांगडीवरून एकदा जिवंत रेडा पलीकडे नेला होता. रेडा नव्हता, पारडू होतं. पण जिवंत होतं.

त्या वर्षी श्रावणात मी तीन तरायचे भोपळे घालवले. फरशीच्या पुलावरून, कॉलेजातल्या चार टवाळ मित्रांसमोर, छातीला एक आणि दोन्ही काखांत एकेक बांधून मी उडी मारली. मी वर आलो, भोपळ्यांच्या कवट्या झाल्या. घरी बाईने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मगर. गंगेला मगर आली आहे, माझ्या पाठीमागे लागली, मी भोपळे तिच्या तोंडात कोंबले म्हणून वाचलो. एकेक भोपळा कसा कडाडा फुटला तेही मी वाजवून दाखवलं. आण्णा हसले. दादाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पण बाईचा विश्वास बसला. तिने पाच दिवस मला पाण्याकडे फिरकू दिलं नाही आणि शेजारच्या सगळ्या मळ्यांत मगर पोचवली. आठवड्याने लोक मला येऊन सांगू लागले की त्यांनीही पाहिली.

दादाचं लग्न त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झालं होतं. वहिनी सटाण्याकडची. पहिले काही महिने ती इतकी हळू बोलायची की आमच्या घरात ती बोलली की नाही हेच कळायचं नाही. बाई तिला एक सांगायची, तिला ऐकू यायचं एक, आणि ती घाबरून तिसरंच करायची. ज्येष्ठात बियाण्याचे भोपळे फोडायचं काम बाईने तिच्याकडे दिलं. बाई तापलेली सळई खुपसून गोल भोक पाडायची. वहिनीने विळ्याच्या टोकाने कोरलं, चौकोनी, वाकडंतिकडं. बाई ओरडली, "अगं, भोपळा हाय का उंदराचं बीळ? आणि बी निम्मी आतच ऱ्हायली की!" वहिनी तोंडातल्या तोंडात म्हणाली, "माले काय माहीत? आमना गावले नदीच नही." मी मोठ्याने हसलो. दादा मात्र उठला, तिच्या हातातला भोपळा घेतला, ते वेडंवाकडं भोक बोटाने चाचपून म्हणाला, "चांगलं हाय. ह्यात चिमणी ऱ्हाईल." तेवढ्यावर वहिनीचा चेहरा उजळला. मग तिने कोरलेले ते तीन भोपळे चुलीवरच्या आडूला गेले.

नवरात्रात पाऊस परतला. परतीचा पाऊस आमच्याकडे दर वर्षी येतो, पण त्या वर्षी तो परत जायचं विसरला. धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा दोनदा झाला. नाल्यावरची फरशी पाण्याखाली गेली आणि गावाकडे जायची वाट बंद झाली. आण्णा निफाडला आत्याकडे गेले होते, ते तिकडेच अडकले. आणि दसरा उद्यावर. अर्ध्या मळ्यात आमचा झेंडू होता. आदल्या दिवशीच तोडून ठेवलेला, पडवीत चार पोत्यांत भरलेला, इतका पिवळाधमक की घरात दिवा लावायची गरज नव्हती. दसऱ्याच्या सकाळी जो झेंडू शहरात पोचत नाही, तो दुपारी म्हशींपुढे जातो. वर्षभराची मेहनत म्हशी एका घासात खातील, हे दादाला बघवेना. त्याने पाण्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "सांगडीनं जाऊ. भोंगा झाल्याला चार तास झाले, पाणी उतरतंय. जात्याच्या आधी उंबरापाशी उतरू, पोती डोक्यावर घेऊ, खालून पायी."

जातं म्हणजे आमच्या मळ्याखाली पाऊण कोसावर नदी काळ्या खडकांत शिरते ती जागा. एकामागून एक पाच-सहा पायऱ्या, आणि शेवटी पाणी गोल फिरतं, दळण दळावं तसं. तिथे पडलेली कुठलीही वस्तू अख्खी बाहेर येत नाही, असं बाई म्हणायची. तिने उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी आम्हाला जबरदस्तीने खायला घातली आणि बजावलं, "उंबरापाशी उतरा. नाय उतरलात तर घरी येऊ नका, मी घ्यायची नाय." मग दादा मला म्हणाला, "बबन्या, भोपळे आण. बारा."

पडवीत नऊच होते.

इथे मी जरा थांबतो. आता या वयात एकेका गोष्टीला किती वेळ लागतो ते मला कळतं. तेव्हा सगळं म्हशीने शेपूट हलवावी इतक्या झपाट्याने झालं. मला एवढंच म्हणायचं होतं की नऊच आहेत, तीन मी फोडले, मगर-बिगर काही नाही. दादा हसला असता. फार तर एक टपली. नऊ भोपळ्यांवर दोन पोती आणि एकच माणूस गेला असता, तो दादा, आणि मी काठावर राहिलो असतो. तेच मला नको होतं. शहरात झेंडू घेऊन सांगडीवरून उतरणारा बबन मला स्वतःला दिसत होता, घाटावरची सगळी माणसं बघताहेत असा. मी स्वयंपाकघरात गेलो. बाई गोठ्यात होती, वहिनी पोत्यांची तोंडं शिवत होती. आडूवरचे ते तीन भोपळे काढले. दादाच्या पितळी वाटीतली कणीक घेतली, तिन्ही भोकं बुजवली, वरून काजळी चोळली. घटापाशी पूजेचा लाल नाडा होता, त्याचे तीन तुकडे तोडून माना बांधल्या. आणि ते तीन सगळ्यांत खाली ठेवून बारा भोपळे दादापुढे नेले.

दादा प्रत्येक भोपळा बांधण्याआधी कानापाशी हलवून बघायचा. नऊ झाले. दहावा हलवला आणि थांबला, पखवाजाला टिचकी मारून थांबायचा तसा. "ह्याचा आवाज बसकाय," तो म्हणाला.

"ओल धरली असेल, दादा. पाऊस किती पडतोय."

त्याने पुन्हा हलवला. मग ते तिन्ही मागच्या उजव्या कोपऱ्याला बांधले. ती त्याचीच जागा होती, तिथे लोंबकळून पाय मारत तो सांगड वळवणार होता. मी पुढे, बांबू घेऊन.

पहिला अर्धा कोस म्हणजे स्वर्ग होता. पाणी तांबूस, जाड, वेगात पण समजूतदार. चार पोती पिवळ्या झेंडूची, वर मी, राजासारखा. काठावर शेळ्या चारणाऱ्या एका बाईला मी ओरडून सांगितलं की आम्ही मुंबईला निघालो आहोत. तिने विचारलं, "मला भाड्यानं नेता का?" दादा मागून हसला. त्याचं ते हसणं मला अजून ऐकू येतं, कारण त्याच्यानंतर लगेच तो म्हणाला, "बबन्या, कोपरा बसतोय."

मी मागे बघितलं. सांगड तिरपी झाली होती. एक पोतं घसरत होतं. दादाने एक हात पाण्याखाली घातला आणि चाचपला. त्याचा चेहरा मी बघत होतो. तो एकदम स्तब्ध झाला. भजनात कुणाचा ताल चुकला की व्हायचा तसा. रागावलेला नाही, नुसता ऐकणारा. मग तो किंचित हसला, मान हलवली, आणि मला म्हणाला, "दोन गेले. तिसऱ्यात अंगठा घातलाय. तू पुढं बघ."

त्याला कळलं, हे मला तेव्हाच कळलं. श्रावणात मगर ऐकून त्याने अशीच मान हलवली होती.

उंबर आला तेव्हा सांगड बुडत्या कोपऱ्याभोवती फिरत होती. काठ एकदा माझ्या डाव्या हाताला होता, एकदा पाठीमागे. मी बांबू टेकवला, तो लागलाच नाही. उंबराच्या फांद्या डोक्यावरून गेल्या, एक मी धरलीसुद्धा, ती तुटून हातात आली. पुढे जात्याचा आवाज. तो कानाला आधी ऐकू येत नाही, आधी बरगड्यांत येतो.

माझा नातू मागच्या वर्षी राफ्टिंगला गेला होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात फुगवलेलं जाकीट, बोटीत आठ जण आणि मागे शिट्टी वाजवणारा गाईड. मला मोबाइलवर दाखवलं. सगळे किंचाळत होते, मजेत, आणि पाणी बोटीवरून उसळत होतं. "बघा आजोबा, व्हाइट वॉटर!" मी म्हणालो, "छान आहे." दादा त्याला पांढरं पाणी म्हणायचा. पांढऱ्याखाली दगड, काळ्याखाली खोली, एवढंच त्याने मला शिकवलं होतं. नातवाच्या त्या पडद्यावर मी पाणी बघत नव्हतो. बोटीतल्या आठ जणांचे हात बघत होतो. सगळ्यांचे दोन्ही हात दोरीला होते.

दादाचा एकच होता. दुसरा त्या भोकात.

"काळ्याला धर! डाव्या अंगाला, काळ्याला!" तो मागून ओरडत होता, आणि मी, ज्याच्या तोंडाला आयुष्यात कधी कुलूप नव्हतं, मी एक शब्द बोललो नाही. पहिली पायरी उतरली तेव्हा बाज पायाखालून गेली आणि परत आली. दुसरीला दोन पोती फुटली. सगळं पाणी पिवळं झालं, तोंडात फुलं, नाकात फुलं. मी बांबूने एक खडक ढकलला, सांगड वळली, आणि मला वाटलं, निघालो. मी मागे वळलो. मला ओरडून त्याला सांगायचं होतं, दादा, हात काढ, बुडू दे कोपरा, धर नुसता. एवढंच. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागचा कोपरा खडकावर बसला. जाड पापड मोडावा तसा आवाज झाला. फार मोठा नाही. एवढ्या गर्जनेत तो ऐकू कसा आला ते मला माहीत नाही, पण आला, आणि तेव्हापासून घरात कुणी पापड मोडला की मी उठून बाहेर जातो. बायको म्हणते, पापडाचा एवढा काय तिटकारा.

शेवटच्या गोल पाण्यात आम्ही किती फिरलो कुणास ठाऊक. पंगतीत मी एकवीस फेऱ्या सांगतो. सांगडीच्या चांगल्या नऊपैकी आठ भोपळे शाबूत होते, त्यांनी आम्हाला बाहेर फेकलं. दादा कोपराने बाजेला अडकलेला होता. खाली मासे धरणाऱ्या दोघांनी जाळं टाकून आम्हाला ओढलं. त्या दसऱ्याला म्हणे शहरातल्या घाटावर झेंडू इतका वाहत आला की दुतोंड्या मारुतीपासून खालपर्यंत लोकांनी पाट्या भरून नेला आणि अर्ध्या नाशिकच्या दारांना आमच्या मळ्याचं तोरण लागलं. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. मी तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या शर्टाच्या खिशातून फुलं निघत होती.

अंगठा गेला. उजवा, मुळापासून.

बाई दुसऱ्या दिवशी फरशीवरच्या कमरेएवढ्या पाण्यातून, दोन गड्यांचे हात धरून आली. वहिनी तिच्या मागे. बाई दाराशी उभी राहिली आणि मी पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक ऐकला. "काय झालं रं?" मी तोंड उघडलं. खरं सांगतो, मी सांगणार होतो. पण दादा माझ्याआधी बोलला. पट्टी बांधलेला हात छातीवर धरून, सरळ बाईकडे बघत म्हणाला, "मगर, बाई. बबन्या सांगत होता तीच."

आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्यावर मी पन्नास वर्षं जगलो. पखवाज खुंटीवर गेला तो परत उतरला नाही. संध्याकाळी दादा पडवीत बसून डाव्या हाताने नुसता गुडघ्यावर ठेका धरायचा, अर्धा. उजव्याची जागा मोकळी सोडायचा. ती मोकळी जागा मी मोजायचो. मी नोकरीला लागलो, नाशिक रोडला क्वार्टर मिळालं, तिथेही संध्याकाळी कुणी काही ठोकलं की मी मधली जागा मोजायचो. आणि पाहुणे आले, पोरं जमली, कुणी दादाच्या हाताकडे बघितलं की तो म्हणायचा, "बबन्याला विचारा. त्यानं पाह्यली." मग मला सांगावं लागायचं. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती पाच हात लांब होती. दादा कोपऱ्यातून म्हणाला, "सात." मी सात केली. दर वेळी तो ऐकत बसायचा, शेवटपर्यंत, एकदाही उठला नाही. मला वाटायचं, ही शिक्षा आहे. कधी वाटायचं, माफी आहे. दोन्हींत मी इतका रंगत गेलो की जिल्ह्यात माझं नाव झालं. मी विचारलं कधीच नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, तीच भीती होती.

दादा गेल्या पौषात गेला, झोपेत, काही त्रास न होता. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. पोरं माझ्याभोवती जमली, मी मगर सांगितली, अठरा हातांची. पोरं हसली. नंतर वहिनीने मला पडवीत बोलावलं. तिच्यापुढे सुपात वालपापडी होती. ती शेंगांच्या शिरा काढत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता ती मगर बंद करा. ते गेले. आता कशाला माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी?"

"मग कुणासाठी? बाईंनी मला घरात ठेवली असती का?" तिने शेंग मोडली. "दवाखान्यातनं घरी आले तेव्हा पहिल्या दिवशीच मला म्हणाले, तुझ्या हातून झालं. तरायच्या भोपळ्यांना तू भोकं पाडलीस, मग घाबरून माझी कणीक लावलीस. तुझंच भोक होतं, चौकोनी, मला अंगठ्याला कळलं. मी म्हणाले, मी नाही हो, नाडा नसलेलेच घेतले होते मी बघून. तर म्हणाले, तिघांनाही लाल नाडा होता, मी माझ्या हातानं सांगडीला बांधलेत. असू दे, म्हणाले. कुणाला बोलू नको, मी मगर सांगितलीय."

 म्हणजे पाण्यात तो हसला तेव्हा त्याला मी दिसलोच नव्हतो. चिमणी राहील म्हणालेलं ते भोक त्याला लागलं होतं.

"मला तर कणीक घेतल्याचं आठवत नव्हतं," वहिनी म्हणाली. "किती दिवस आठवून बघितलं. पण अंगठा गेलेला माणूस खोटं का बोलेल? म्हटलं, भीतीनं केलं असेल आणि विसरले असेन. विसराळूच आहे मी, सगळे म्हणतात. तेव्हापासनं चूल विझवली तरी तीनदा उठून बघते." तिने हात थांबवला. "त्यांना भाकरी मोडता यायची नाही. पन्नास वर्षं मी मोडून दिली, रोज, दोन्ही वेळा. लोक म्हणायचे, काय प्रेम आहे."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं माहीत आहे की त्यात एकही गोष्ट वाढवली नाही, आणि ते इतकं लहान निघालं की दोन मिनिटांत संपलं. पुलावरची उडी. नऊ भोपळे. आडू, वाटी, काजळी, घटाचा नाडा. मला वाटलं, ती म्हणेल, भाऊजी, पुरे करा तुमच्या थापा. माझं खरं कुणालाच खरं वाटणार नाही याची मला इतकी खात्री होती की मी जवळजवळ त्याच उत्तराची वाट बघत होतो.

पण तिने लगेच विश्वास ठेवला. दोन्ही हात सुपात तसेच ठेवून ती नदीकडे बघत बसली.

"म्हणजे मी विसरले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"मी येडी नव्हते."

"नाही, वहिनी."

 गोठ्यात म्हैस उठली, बसली.

"जायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात होता तेवढाच झाला होता, "त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, त्या भोपळ्यांचं मनात ठेवू नको आता. मी कधीच माफ केलंय तुला." तिने सुपातली एक शेंग सरळ केली. "मी पाया पडले त्यांच्या. भाऊजी, मी रडून पाया पडले."

 तिने सूप पुढे ओढलं आणि उरलेल्या शेंगा मोडायला घेतल्या. मी अंधार पडेपर्यंत तिथे बसून होतो. ती मला जा म्हणाली नाही. बसा असंही म्हणाली नाही.